संचारी भावांची एक रात्र

बॉब हॅरिस रात्री बाहेर पडायला निघतो तो एक भडक, लष्करी चट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट अंगात घालून. शार्लट त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि त्याच्या वयावर एक टोमणा हाणते. तो रागावत नाही. शर्ट उलटा करून घालतो. आता शिवणी बाहेर, मानेपाशी लेबल लोंबतंय. शार्लट कात्री घेते आणि ते लेबल कापून टाकते. या एवढ्याशा कृतीत किती नाती दडलीयत पाहा. लग्नाला निघालेल्या भावाची कॉलर नीट करणारी बहीण असं करेल, नवऱ्याच्या वेंधळेपणाला सरावलेली बायको असं करेल, शाळेत निघालेल्या पोराला थांबवून आईही असंच करेल. यातली शार्लट कोण, हे दिग्दर्शिका सांगत नाही. सांगायचं टाळते, असं म्हणणं जास्त बरोबर.

सोफिया कोपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (२००३) या चित्रपटातल्या एकाच रात्रीबद्दल मला लिहायचंय. अख्ख्या चित्रपटाबद्दल उदंड लिहून झालंय, शेवटच्या त्या कानातल्या कुजबुजीवर तर नको तितकं. पण चित्रपटाचा जीव आहे तो मधल्या या टोकियोतल्या भटकंतीत, असं माझं मत आहे. गोष्ट थोडक्यात अशी : बॉब (बिल मरे) हा उतरणीला लागलेला अमेरिकन नट, वीस लाख डॉलर घेऊन व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी आलेला. शार्लट (स्कार्लेट जोहान्सन) तत्त्वज्ञान शिकून नुकती बाहेर पडलेली, लग्नाला जेमतेम दोन वर्षं, फोटोग्राफर नवऱ्याच्या मागे टोकियोला आलेली आणि आता नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला. मुक्काम दोघांचाही शिंजुकूतल्या पार्क हायात हॉटेलात. दोघांनाही झोप नाही. शार्लटचे टोकियोत काही मित्र आहेत. ती बॉबला म्हणते, येतोस का आमच्याबरोबर? तो येतो.

भरतमुनींनी तेहतीस संचारी भाव मोजून दिलेत. स्थायी भाव मुख्य, आणि हे संचारी येऊन-जाऊन त्याला पोसणारे, असं आपण कॉलेजात काव्यशास्त्राच्या तासाला घोकलेलं असतं. या रात्रीत ते एकामागून एक हजेरी लावून जातात : औत्सुक्य, मद, चपलता, आवेग, हर्ष, थोडी व्रीडा, मग श्रम आणि शेवटी निद्रा. पण ज्याला पोसायचं तो स्थायी कुठेय? रती म्हणावी, तर मधलं अंतर कोणी ओलांडत नाही. वात्सल्य म्हणावं, तर बॉबच्या नजरेत ते पुरतं बसत नाही. हास म्हणावा, तर हसून झाल्यावर जे उरतं त्याला हसू म्हणवत नाही. यजमानाची खुर्ची रिकामी ठेवून पाहुण्यांनीच पंगत रंगवावी, तसं हे आहे. ही खुर्ची कोपोलानं मुद्दाम रिकामी ठेवली आहे, आणि रात्रीची सगळी चव त्या रिकामेपणातून येते.

रात्रीची सुरुवात उंचावरून होते, हेही ध्यानात घ्यायला हवं. पार्क हायात हे केन्झो टांगे यांनी रचलेल्या शिंजुकू पार्क टॉवरच्या वरच्या मजल्यांवर आहे. दोघं जिथे बसून गप्पा मारतात तो न्यूयॉर्क बार तर ५२व्या मजल्यावर. तिथून टोकियो म्हणजे काचेपलीकडची लालचुटुक लुकलुक. शार्लट तासन्‌तास खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसते, तेव्हा शहर तिच्यासमोर पसरलेलं असतं पण तिच्यापर्यंत पोचत नाही. परगावी कामासाठी गेलेल्या, कंपनीच्या खर्चानं चांगल्या हॉटेलात उतरलेल्या कुणालाही ही काच ओळखीची वाटेल. म्हणून ती दोघं जेव्हा खाली येतात, रस्त्यावर येतात, तेव्हा ध्वनिपट्टीच बदलून जाते. इतका वेळ एसीची घरघर आणि लिफ्टची टिंगटिंग ऐकलेल्या कानांवर एकदम माणसांचा आवाज येतो.

पहिला मुक्काम एका क्लबात. छताखाली पांढरे भलेमोठे फुगे तरंगतायत आणि त्यांच्यावर आतषबाजीची चित्रफीत सोडलेली आहे. आभाळात फुटायच्या त्या फुलबाज्या इथे फुग्यांच्या गोल अंगावर फुटतायत. छायाचित्रकार लान्स अकॉर्डनं इथे वेगळे दिवे लावल्याचं जाणवत नाही. बहुतेक चित्रपटच असा, जिथे जो उजेड आहे त्यातच टिपलेला, कमी प्रकाशातही तग धरणाऱ्या फिल्मवर. सोफियाच्या वडिलांनी, म्हणजे साक्षात फ्रान्सिस फोर्ड कोपोलांनी, व्हिडिओवर चित्रण कर, पुढचा जमाना त्याचाच आहे, असा सल्ला दिला होता. लेकीनं तो मानला नाही. बरं झालं. व्हिडिओ आपल्याला ‘आत्ता’मध्ये नेऊन बसवतो, या रात्रीला हवा होता तो रवाळ, किंचित धूसर पोत, जो दृश्य घडत असतानाच त्याची आठवण करून टाकतो. चेहरे अर्धे अंधारात, कडा विरघळलेल्या, मागचे निऑन दिवे नुसते रंगाचे ठिपके. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला आदली रात्र अशीच आठवते.

सगळा चित्रपट २००२च्या शरदात, २७ दिवसांत उरकला. खर्च चाळीस लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशेबात चिल्लर. छोटा ताफा, हातातला कॅमेरा, रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी परवानगीची भानगडच नाही. त्यामुळे मागून जाणारी माणसं खरोखरच आपल्या वाटेनं जाणारी आहेत. संहिता म्हणाल तर जेमतेम ७५ पानांची. तिलाच पुढे सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं, आणि त्या संहितेतल्या या मोक्याच्या रात्रीत धड लक्षात राहावा असा संवाद जवळजवळ नाही. ऑस्करच्या मंडळींनी कोरी जागा वाचली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

क्लबात बॉबची गाठ पडते चार्ली ब्राउनशी. ही भूमिका केलीय फुमिहिरो हायाशी यांनी, आणि चार्ली ब्राउन हे त्यांचं खरंखुरं टोपणनाव. ‘ड्यून’ या मासिकाचे ते तेव्हा संपादक, सोफियाचे टोकियोतले जुने मित्र. विशीत तिचं टोकियोला सारखं येणं-जाणं असे. ‘मिल्कफेड’ हा तिचा कपड्यांचा व्यवसाय जपानात चालायचा. तेव्हा हायाशींना कराओकेमध्ये सेक्स पिस्तल्सचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ तारस्वरात म्हणताना तिनं पाहिलं होतं, आणि चित्रपटाच्या अगदी पहिल्या बिजांपैकी ते एक दृश्य होतं. म्हणजे ही रात्र नायक-नायिकेसाठी रचलेली नाही, रात्र आधीपासून होती. नायक-नायिका तिच्यात नंतर आणून सोडली.

इथे एक हिशेब चुकता करायला हवा. या चित्रपटावर जपान्यांची टिंगल केल्याचा आरोप झाला, आणि तो निराधार नाही. जाहिरातीच्या चित्रीकरणाचा प्रसंग चतुर आहे. पण हॉटेलच्या खोलीत पाठवलेल्या बाईचा, तिच्या उच्चारांवर बेतलेला विनोद स्वस्त आहे, तो आज तर बघवत नाही. बुटक्या माणसांच्या लिफ्टमध्ये उंच बॉब उभा, हाही विनोद फार तर एकदा चालावा. मात्र या रात्रीत पारडं फिरतं. इथे जपानी माणसं बॉबच्या वाटेत येत नाहीत, बॉब त्यांच्या रात्रीत येतो. ती त्यांची शनिवार-रविवारची सवयीची भटकंती आहे, आणि हा लंबू पाहुणा त्यात सामावून घेतला गेलाय. कोणी त्याला नट म्हणून भाव देत नाही. तरीही तक्रार उरतेच : चार्ली सोडला तर या मंडळींतल्या एकाचंही नाव आपल्या लक्षात राहत नाही. यजमान इतके दिलदार आणि पटकथा त्यांच्याबाबत इतकी हात राखून वागणारी, हे खटकतं.

मग भांडण होतं. कशावरून, ते आपल्याला कळत नाही. बॉबलाही कळत नसावं. बारवाला छर्ऱ्यांचं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन मागे लागतो आणि सगळे धूम ठोकतात. रस्ता, वळण, आणि मग एका पाचिंकोच्या दालनातून आरपार. पाचिंको म्हणजे उभ्या यंत्रांमधून ११ मिलिमीटरच्या पोलादी गोळ्यांची संततधार. अशी शेकडो यंत्रं एका दालनात चालू असली की जो खणखणाट होतो त्याची कल्पना ऐकल्याशिवाय येत नाही. टोकियोतली ही दालनं रात्री अकराच्या आत बंद होतात, तेव्हा खरं तर ही रात्र अजून कोवळीच असली पाहिजे. पण धावणाऱ्यांना ती मध्यरात्र उलटल्यासारखी वाटते, आपल्यालाही वाटते, आणि अशा वेळी घड्याळ काढून बसणाऱ्या समीक्षकाला घरी पाठवावं. पाठलागाचं चित्रणही मजेशीर आहे. कॅमेरा धावणाऱ्यांबरोबर धावतो, त्यांच्यासारखाच दमतो, हलतो, चौकट चुकवतो. मारामारीच्या चित्रपटातल्या पाठलागात असतो तसा धोका इथे औषधालाही नाही. पन्नाशी उलटलेला एक माणूस किती वर्षांनी पळतोय, एवढंच काय ते दृश्य आहे. बिल मरे पळतो ते मोठ्या माणसासारखं, कोपर अंगाशी, थोडं अवघडून. आणि मग मध्येच कुठेतरी ते अवघडलेपण गळून पडतं.

मित्राच्या घरातला तुकडा मी भर्रकन सोडून देतो, कारण चित्रपटही तो तसाच सोडतो : तबकडी फिरतेय, कोणी नाचतंय, कोणी भिंतीला टेकलंय. असे तुकडे अनेक चित्रपटांत असतात.

खरी बैठक जमते ती शिबुयाच्या ‘कराओके-कान’मध्ये. आपल्याकडे कराओके म्हटलं की लग्नाच्या हॉलमध्ये माइक हिसकावणारे काका आठवतात. तिथला प्रकार निराळा आहे. १९६७ मध्ये शिगेइची नेगिशी यांनी आणि १९७१ मध्ये कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी आपापली यंत्रं बनवली. इनोउए यांनी पेटंट घेतलं नाही, त्यामुळे यंत्र जगभर गेलं आणि पैसे दुसऱ्यांनी कमावले. २००४ मध्ये त्यांना विनोदी ‘इग नोबेल’ मिळालं, तेही शांततेचं, कारण एकमेकांना सहन करायला त्यांनी जगाला शिकवलं. ऐंशीच्या दशकात ओकायामाकडे मालवाहू कंटेनरमध्ये गाण्याच्या खोल्या निघाल्या आणि कराओके बारमधून बाहेर पडलं : तासावर भाड्यानं मिळणारी छोटी खोली, सोफा, पडदा, दोन माइक, भिंतीवरच्या फोनवरून पेय मागवायची सोय. आत फक्त आपली माणसं. परक्यांपुढे गायचं नाही, म्हणून लाज नाही. शिवाय टोकियोतल्या लोकलगाड्या मध्यरात्रीनंतर थांबतात त्या पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शेवटची गाडी चुकलेल्यांना मधले तास काढायला याहून बरी जागा नाही. दार लावलं की बंद, पण काचेतून शहराचे दिवे आत येतायत : ५२व्या मजल्यावरचीच काच इथे सहा-सात माणसांच्या घामानं धुरकटलीय.

चार्ली आधी गातो, ज्या गाण्यापायी हा सगळा घाट घातला गेला तेच. १९७७ सालचं इंग्लंडच्या राणीवर दात खाणारं पंक गाणं टोकियोतला एक संपादक जीव तोडून म्हणतोय आणि समोर दोन अमेरिकन टाळ्या पिटतायत. यात कुणाचा राग कुणावर आहे याचा पत्ता नाही, उरलाय तो नुसता उत्साह. मग बॉब उठतो आणि निक लोनं लिहिलेलं, एल्विस कॉस्टेलोनं गाजवलेलं शांती-प्रेमाचं गाणं म्हणतो. सूर बेताचा, अभिनय डबल. हा बॉब अजून नट आहे, प्रेक्षकांना हसवणं ही त्याची सवय सुटलेली नाही. शार्लट गुलाबी केसांचा टोप चढवून ‘द प्रिटेंडर्स’चं ‘ब्रास इन पॉकेट’ म्हणते, बोटानं दाखवत, खांदे उडवत. जोहान्सन तेव्हा सतरा वर्षांची होती. गाण्यात आत्मविश्वासाची मिजास आहे. गाणारीत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. टोप घातल्यावरच तिला ही मिजास परवडते. व्रीडा ती हीच. लाज अशी उधळून लावता येते, पण डोळ्यांत उरते.

पुढचं गाणं ठरलेलं नव्हतं. रॉक्सी म्युझिक हा सोफियाचा आणि मरेचा दोघांचाही आवडता बँड. चित्रीकरण चालू असतानाच ‘मोर दॅन धिस’ घ्यायचं ठरलं. १९८२चं हे गाणं गायला अवघड, ब्रायन फेरीचा आवाज त्यात तरंगत-तरंगत वर जातो. मरेचा आवाज तिथे पोचत नाही. तो चढायचा प्रयत्न करतो, घसरतो, पुन्हा पकडतो. आणि या खेपेला विनोद करत नाही. मला वाटतं, अख्ख्या चित्रपटात बॉब हॅरिस अभिनय करायचं थांबवतो ते इथे. गाणाऱ्याच्या बेसूरपणानं काळजाला हात घालावा, हे आपल्या रागदारीत वाढलेल्या कानांना मानवत नाही. पण इथे सूर लागला असता तर दृश्य फुकट गेलं असतं. गवयानं गायलं असतं तर आपण गाणं ऐकलं असतं. हा गातो तेव्हा आपण त्याला ऐकतो. कॅमेरा मध्येच शार्लटवर जातो. ती आता हसत नाहीये. बघतेय.

आणि लगेच दार. खोलीबाहेरच्या बोळात शार्लट बाकावर बसलीय, हातात सिगरेट. बॉब येऊन शेजारी बसतो. सिगरेट एकाची दुसऱ्याकडे जाते. मग ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. बंद दाराआडून कुणाचं तरी गाणं येतंय, दबलेलं, शब्द न कळणारं. कॅमेरा समोर स्थिर, बोळाचा उजेड सपाट. इतका वेळ धावणारी चौकट पहिल्यांदाच चूप बसते. साऱ्या रात्रीत दोघं एकमेकांच्या एवढी जवळ आलेली नाहीत, आणि बोलायला मात्र काही नाही. मला या दृश्यात थक्क करते ती त्याची जागा. कोपोला त्यांना चांदण्यात, पुलावर, बागेत नेऊ शकली असती. तिनं नेलं बोळात, जिथे लोक मुतारीला जाताना थांबतात. गर्दी दाराच्या पलीकडे आहे म्हणून हा एकांत सोसतो. हॉटेलच्या खोलीत हीच दोघं एकटी असताना शब्द शोधत बसतात. इथे सहा-सात माणसांचा गोंगाट पाठीशी असल्यावर त्यांना शब्दांची गरज उरत नाही. परगावी भेटलेल्या सोबत्यांमध्ये अशी जवळीक होते तेव्हा ती जवळजवळ नेहमी तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या उपस्थितीत होते. दोघांनाच गाठून बसवा, दोघंही शिष्टाचारात शिरतात. हे ओळखणं म्हणजे दिग्दर्शिकेचा कान किती तयार आहे याची साक्ष.

परतीच्या टॅक्सीत ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चं ‘समटाइम्स’ वाजतं. १९९१चं. गिटारचा जाडजूड थर आणि त्याच्या तळाशी पुटपुटणारा गळा. शब्द ऐकू येऊ नयेत अशीच त्याची बांधणी. चित्रपटाचे संगीत-संयोजक ब्रायन रायट्झेल यांनी याच बँडच्या केव्हिन शील्ड्सकडून काही नवे तुकडेही करून घेतले, पण या जुन्या गाण्याची निवड सर्वांत नेमकी. रात्रभर लोक ओरडून शब्द म्हणत होते. आता शब्दच विरून गेले. खिडकीच्या काचेवरून रेनबो ब्रिजचे, इमारतींचे दिवे ओघळत जातात. श्रम हा भाव पडद्यावर इतका रुचकर क्वचितच झाला असेल.

हॉटेलात बॉब तिला उचलून तिच्या खोलीत नेतो, निजवतो, पांघरूण घालतो, बाहेर येतो, दार लागलं ना ते पाहतो. इथे चित्रपट सरळ रतीच्या वाटेला जाऊ शकला असता. प्रेक्षक तयार होता. किंवा पितृभावाच्या वाटेनं जाऊन हात झटकता आले असते. मरे चेहऱ्यावर काहीही येऊ देत नाही, आणि ते न येऊ देणं इतकं दिसतं की दोन्ही वाटा उघड्याच राहतात. ती खुर्ची अजून रिकामीच.

मग तो आपल्या खोलीत जातो आणि बायकोला, लिडियाला, फोन लावतो. रात्र कशी गेली ते त्याला तिला सांगायचंय. नवे मित्र, संगीत, मजा. पलीकडे घरचा धबडगा चालू आहे, मुलं आहेत, तिचं लक्ष नाही. फोन संपतो आणि बॉब स्वतःशीच कबूल करतो की हा फोन करणं मूर्खपणाचं होतं. बरेच प्रेक्षक इथे लिडियावर चिडतात. ती पडद्यावर दिसतही नाही. आधीपासून फक्त तिचे फॅक्स येतायत, तेही पहाटे, बॉबच्या अभ्यासिकेतल्या फळ्यांबद्दल, आणि गालिच्याचे नमुने कुरिअरनं. तिला रुक्ष ठरवणं सोपं जातं. मला मात्र तिची बाजू पटते. ती रात्र सांगण्यासारखी नव्हतीच. तिच्यात सांगायला आहे काय? आम्ही पळालो, गायलो, बसलो. ऐकणाऱ्याला एवढंच कळणार की बाबा दूरदेशी मजेत आहेत आणि इकडे मुलं जेवत नाहीयेत. संचारी भावांची ही पंचाईत आहे. ते अनुभवता येतात, त्यांची बातमी देता येत नाही. आणि बॉबला त्यांची बातमी घरी द्यावीशी वाटली, म्हणजे त्याचं घर अजून शाबूत आहे, ही गोष्ट लिडियावर चिडण्याच्या भरात निसटते. गालिच्याचा रंग निवडायचं काम मात्र तो तिच्यावरच ढकलतो.